सहा मीटर केळीची पानं

"पोटॅश कमी पडलंय."

हे मी म्हणाले, आणि अगदी त्याच क्षणी माझ्या उजव्या खांद्यामागूनही कुणीतरी हेच म्हणालं.

साताऱ्याच्या खण आळीतलं अजमलभाईंचं कापडाचं दुकान. समोर एक भन्नाट तागा उलगडलेला, हिरवीगार केळीची पानं आणि त्यात लालचुटुक पोपट. फक्त पानांच्या कडा छापणाऱ्यानं पिवळ्या-करड्या करून ठेवलेल्या. शेतातली केळ अशी दिसली की आम्ही शेतकऱ्याला पोटॅश द्यायला सांगतो. पण कापड बघून तेच बोलणारं खुळं माणूस जगात मी एकटीच असेन, असा माझा समज होता.

मी वळून बघितलं. उंच, सावळा, आणि ओठ घट्ट मिटून हसू दाबून धरलेलं... त्याचा हात ताग्याच्या एका टोकावर, माझा दुसऱ्या.

"कृषी सेवा केंद्र?" त्यानं विचारलं.

"व्हय. पलूस. मी क्रांती. तुमचं?"

"रहिमतपूर. शंभूराज." मग जरा थांबून, "मालदीव?"

"तुमीपण?"

झालं असं होतं, की सातारा-सांगलीतल्या टार्गेट पुरं केलेल्या चाळीस दुकानदारांना आमची खतकंपनी चार दिवस मालदीवच्या बेटावर नेणार होती. प्रत्येकाला दोन तिकिटं, म्हणजे जोडीनं या. माझी जोडी नव्हती, म्हणून दुसरं तिकीट मी रंगूआत्याला दिलं. तिसऱ्या संध्याकाळी पार्टी होती आणि फर्मान होतं की अंगावर फुलं, पानं, पक्षी काहीतरी हवंच. सांगलीच्या कापडपेठेत जाऊन बघते तर आमच्या समस्त दुकानदारांनी एकाच दुकानातली एकच जास्वंद उचललेली. त्या जास्वंदीच्या ताटव्यात मला उभं राहायचं नव्हतं. म्हणून एसटी पकडून थेट सातारा गाठलं.

"सहा मीटरच शिल्लक हाय," अजमलभाई म्हणाले. "एक्स्पोर्टचा माल. परत येणार न्हाई."

"मी आधी बघितलं," मी म्हणाले.

"मी आधी हात लावला."

"मला साडेतीन मीटर लागणार. घेरदार फ्रॉक शिवायचाय."

"मला शर्टाला अडीच."

आम्ही दोघांनी मनातल्या मनात बेरीज केली. बरोब्बर सहा. अजमलभाईंनी कात्री उचलली. "जोडीचं घ्या की मग. लग्न कवा हाय?"

माझे कान तापले. एकाच ताग्यातलं दोघांनी घालायचं म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. लग्न झाल्यावर पहिल्या जत्रेला नवी जोडपी अशीच नटून जातात.

"पार्टीला हे मी घालणार," मी त्याला बजावलं. "तुमी तुमचा शर्ट विमानात घाला, न्हाईतर झोपताना. शब्द द्या."

"दिला," तो म्हणाला. हसू अजून दाबलेलंच होतं.

तिथून मी सरळ स्टँडवर जायला हवं होतं. पण मला कानातले हवे होते, त्याला टोपी हवी होती... आणि आम्ही दोन तास बाजार पालथा घातला. आत्यासाठी मोराच्या आकाराचा गॉगल घेतला. अननसाची पर्स घेतली. एका दुकानात मी पोपटाचे डूल घालून बघत होते तर आरसा नेमका तुटलेला. शंभूराजनं मोबाईलचा कॅमेरा उघडून माझ्यासमोर धरला. मी स्क्रीनमध्ये डूल बघत होते, आणि तो स्क्रीनच्या वरून मला.

"कसे दिसतायत?"

"पोपट बरे हायत," तो म्हणाला. "कान लय भारी हायत."

एसटीत बसल्यावर मी खिडकीकडे तोंड करून पलूस येईपर्यंत हसत होते.

* * *

बेट म्हणजे काय सांगू! आमची खोली पाण्यावर उभी होती आणि खोलीच्या जमिनीला काच. आत्या दारातच थबकली. "अगं, पायाखाली मासा हाय. पाय कुठं ठेवू?" शेवटी तिनं काचेवर आपलं लुगडं अंथरलं, तेव्हा कुठे आत आली. संध्याकाळी मात्र मोराचा गॉगल लावून वाळूत अशी बसली, की हॉटेलचे लोक तिच्यासोबत फोटो काढायला यायला लागले.

शंभूराज एकटाच आला होता. त्याच्या आईचा पासपोर्ट वेळेत मिळालाच नव्हता. सकाळी नाश्त्याला आमच्या टेबलाची एक खुर्ची रिकामी असायची... आणि ती दिसली की तो कुठूनही यायचा.

दुसऱ्या दिवशी मी कमरेएवढ्या पाण्यात उभी होते. निळं, कोमट, तळाची वाळू दिसणारं पाणी. तेवढ्यात गळ्यातला फोन वाजला. कुंडलचे हरिबा होते, त्यांच्या उसावर लोकरी मावा पडला होता. मी फवारणीचं औषध सांगायला लागले, तर शेजारून शंभूराजचा आवाज आला, "फवारू नका म्हणावं. आधी पानामागं मावा खाणारे मित्रकीटक हायत का बघा."

"गिऱ्हाईक माझं हाय!" मी फोनवर हात ठेवून म्हणाले.

"ऊस त्याचा हाय."

हरिबांनी पानं उलटून बघितली. मित्रकीटक होते. मी फोन ठेवला आणि चिडून त्याच्या तोंडावर पाणी उडवलं. त्यानं ते पुसलंसुद्धा नाही, नुसता बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "तुमाला... स्थळं येत असतील."

"तीन आली. तिघांनीपण एकच विचारलं, लग्नानंतर दुकान कोण बघणार? मी म्हटलं, मीच. परत कुणी फिरकलं न्हाई." मग मी ते बोलून टाकलं, जे मी कुणाजवळ बोलत नाही. "दादा, म्हणजे माझे वडील, दुकान बंद करायला निघाले होते. मी ॲग्रीला शिकले, लायसन माझ्या नावावर घेतलं, पाच वर्षं उभी राहिले. मी ते सोडणार न्हाई. कुणासाठीच न्हाई."

"माझंपण तसंच हाय," तो म्हणाला. "रहिमतपूर सोडायचं म्हटलं तर..."

आणि गप्प झाला. मी वाट बघितली. एक लाट आली, दुसरी आली. तो दूर कुठेतरी बघत राहिला.

मला कळलं. त्याचं दुकान तिकडं, माझं इकडं, मध्ये ऐंशी किलोमीटर. बोलायला उरलंच काय होतं? मी पाण्यातून बाहेर आले. समुद्राचं पाणी गेलं डोळ्यांत असं मी आत्याला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी मी नाश्त्याला गेलेच नाही. आत्या आली, माझ्याकडे बघितलं आणि कमरेवर हात ठेवले.

"तोंड का पडलंय?"

"त्याला दुकान सोडायचं न्हाई. मलापण न्हाई."

"असं तो म्हणाला?"

"गप्प बसला."

"मग तू इचारलंस?"

"...न्हाई."

"वा. त्यो बोलत न्हाई, तू इचारत न्हाईस. मग लग्न काय मासं लावणार हायत व्हय?"

* * *

पार्टी वाळूवरच होती. सूर्य पाण्याला टेकत आलेला, सगळीकडे जास्वंदच जास्वंद, आणि मी माझ्या केळीच्या फ्रॉकमध्ये. तेवढ्यात तो आला. अंगात तोच शर्ट... तीच पानं, तेच पोपट.

"शब्द दिला होता," मी म्हणाले.

"दिला होता. मोडला."

"का?"

"उद्या विमान हाय. परत तुमच्या शेजारी असं कवा उभं राहणार?"

मी काही बोलणार, तेवढ्यात कंपनीचे जयराजसाहेब माईकवर गरजले, "आजची सगळ्यात झकास जोडी, पोपटवाले! या या, स्टेजवर या. आणि उखाणा घेतल्याशिवाय बक्षीस न्हाई हां!"

टाळ्या सुरू झाल्या. कुणीतरी आम्हाला पुढे ढकललं. शंभूराज माझ्या कानाशी पुटपुटला, "थांबा, मी सांगतो त्यांना, आपण जोडी न्हाई म्हणून."

ते 'न्हाई' मला ऐकवेना. उखाण्यात नाव घेणं ही काही गंमत नसते. आमच्याकडे पोरगी एकदा नाव घेते, ते कायमचं. समोर पलूस-तासगावपासून कोरेगावपर्यंतचे दुकानदार बसलेले, उद्या दोन्ही जिल्ह्यांत बोभाटा होणार. तो नाही म्हणाला तर तोंड कुठे लपवू... पण न विचारताच घरी गेले, तर जन्मभर स्वतःवरच चिडत बसेन. मी माईक घेतला. आवाज खणखणीत निघाला.

"निळ्या निळ्या पाण्याकाठी नारळाची रांग,
शंभूराज, दुकान मी सोडणार न्हाई, पुढचं तू सांग."

 भर सभेत त्याला अरेतुरे! आत्यानं गॉगल कपाळावर चढवला. शंभूराज माझ्याकडे बघत होता, आणि गेले कित्येक दिवस दाबून धरलेलं ते हसू पहिल्यांदाच पुरतं मोकळं झालं. त्यानं माझ्या हातातून माईक घेतला.

"रहिमतपूर अल्याड, पलूस पल्याड,
क्रांतीचं नाव घेतो, कऱ्हाडात मांडू बिऱ्हाड."

शिट्ट्या, आरडाओरडा, ढोल... मला कशाचंच भान नव्हतं.

"काल गप्प का बसलास मग?" मी विचारलं.

"रस्ता मोजत होतो. कऱ्हाडपासनं तुला चाळीस किलोमीटर, मला चाळीस. सकाळी तू खाली जायचं, मी वर. रात्री दोघं घरी." त्याचा आवाज अडखळला. "चालंल का?"

"चालंल," मी म्हणाले.

माईक चालूच होता.