माझं वाक्य

सचित्र इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत रुजू झाले त्याच दिवशी मी चुकून चित्रकाराच्या खोलीत शिरले. मान वर न करताच त्यानं फर्मान सोडलं, "तिथंच उभ्या राहा. हलू नका हं!"

मी राहिले. बोलताना अडखळते मी, त्यामुळे नाही म्हणायलाही वेळ लागतो...

बऱ्याच वेळानं त्यानं वर पाहिलं. "अहो, तुम्ही आमच्या मॉडेल नाहीत!"

"मी... न–नवी संपादक."

"मग शिव्या तरी द्यायच्या!"

"दे–देतेय. थांबा जरा."

तो खरंच थांबला, पेन्सिल खाली ठेवून. मला हसूच फुटलं.

माझ्या वाट्याला 'स्टँड' हा इंग्रजी शब्द आला होता. दिसायला एवढासा, पण अर्थ संपता संपेनात! उभं राहणं, टिकणं, निवडणूक लढवणं, सहन करणं, कुणाची बाजू घेणं. शिवाय सायकलचा स्टँड होताच. अर्थ माझे, चित्रं त्याची, म्हणून दुपारचा चहा एकत्र.

"सहन करण्याचं चित्र कसं काढू?"

"मा–माझ्याशी गप्पा मारतानाचं स्वतःचं काढा."

"मग ते हसरं येईल. चालेल?"

आमच्याकडे पद्धत अशी, की ज्यानं शब्द लिहिला त्यानंच तो शुक्रवारी सगळ्यांसमोर वाचायचा. माझा पहिला शब्द पास झाला, तरच मी नोकरीत कायम होणार होते.

आणि ऐन वाचनात माझी गाडी अडली. ओठच हलेनात. मुख्य संपादकबाई मायेनं म्हणाल्या, "राहू दे गं, दुसरं कुणी वाचेल." जन्मभर हेच ऐकलं होतं. आईपासून मैत्रिणींपर्यंत सगळ्यांनी माझी वाक्यं घाईघाईनं पूर्ण केली होती.

चित्रकार उठला. कागद घेतोय की काय... पण नुसता शेजारी येऊन उभा राहिला. "वाचतील त्या. आपल्याला कुठं गाडी पकडायचीय?"

हशा पिकला. मी वाचलं, अडखळत, पण शेवटपर्यंत. बाईंनी सही केली.

जिन्यात मी त्याला गाठलं. डोळे भरून आले होते. "तुम्ही कागद घे–घेतला नाहीत. खूप उपकार झाले. आणि मला तुम्ही..."

झालं, अडकला शब्द! तो काय आहे हे त्याला कळलं होतं, मला दिसत होतं. त्यानं कठडा घट्ट धरला, पण पठ्ठ्या काही बोलेना. शेजारून दोघं-तिघं उतरून गेले.

"...आ–आवडता."

त्यानं सुस्कारा सोडला. "बाप रे! जीवच जायचा राहिला."

"मग म–मध्येच बोलायचं ना!"

"छे! हे मला तुझ्याच तोंडून ऐकायचं होतं."