जिभेची साक्ष

मंगळावरच्या वसाहतीत कशालाच चव उरली नव्हती, आणि सगळ्यांनी त्याचं खापर स्वयंपाकघरावर फोडलं होतं. आहारतज्ज्ञ नीलांबरी खाडिलकरनेही तेच केलं असतं; पण तिच्या आठ वर्षांच्या ऋजुताचं खरचटलेलं कोपर काही केल्या भरून येत नव्हतं. पोर वाळत चालली होती. रक्त तपासलं, तर त्यात जस्त जवळजवळ नव्हतंच.

"अहो, भाकरीत जस्त आहे, तुरीच्या वरणात आहे," कृषिप्रमुख भास्करराव ढवळीकर म्हणाले. "मी स्वतः मोजलंय. म्हणून तर पृथ्वीवरून गोळ्या आणल्या नाहीत."

"ताटात आहे, पोटातही जातं. पण दाण्यात बीजाम्ल असतं, ते जस्ताला धरून ठेवतं. आतड्याला मिळू देत नाही. आलं तसं बाहेर जातं."

"मग पृथ्वीवर कसं भागतं?"

"मांस-मासे खाऊन. नाहीतर धान्याला मोड आणून, आंबवून. त्याने बीजाम्ल फुटतं, जस्त सुटतं. आपण किरणं मारून दाणाच मारतो, त्याला मोड कुठून येणार? आणि आंबवायला तर बंदी."

जंतूंच्या धास्तीने ती बंदी भास्कररावांनीच घातली होती. आता तेच ती उठवायला निघाले.

"आंबील करू. आमच्याकडे ज्वारीचं पीठ हातानेच कालवायचे, हाताचे जंतू पुरतात." मग त्यांनाच शंका आली. "पण आंबलं की नासलं, ते चाखून ठरवायचे. इथे कोणाला चव कळतेय?"

जस्त कमी पडलं की जीभ जाते, नाकही जातं. नीलांबरीला ते पक्कं ठाऊक होतं. "आम्लमापक आहे की," ती म्हणाली आणि विषय संपवला. लेकीचं कोपर डोळ्यांपुढे असताना कोण जास्त चिकित्सा करत बसतं?

मापकाने पहिली आंबील पसंत केली. पुढच्या प्रत्येक खेपेला आधीच्यातलीच वाटीभर विरजण म्हणून लावली जाई. वर करडी साय धरे, ती काढून टाकली की झालं. सगळी वसाहत दोन्ही वेळा आंबील पिऊ लागली. काही आठवड्यांनी ऋजुताच्या कोपरावर खपली धरली, तेव्हा नीलांबरी ओक्साबोक्शी रडली. भास्करराव मात्र हल्ली लवकर थकत, त्यांचे डोळे पिवळट दिसत. वय झालं, असं म्हणून ते हसण्यावारी नेत.

एका सकाळी ऋजुताने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आई, कडू लागतंय."

नीलांबरीला आनंदाने काही सुचेना. पोरीची जीभ परत आली होती. "आंबट म्हण, बाळा."

"आंबट आहेच. पण कडू जास्त आहे. कुबट."

नीलांबरीने वाटी नाकाशी नेली. तिला अजून काहीच कळत नव्हतं. आम्लमापक आंबटपणा तेवढा सांगतो. त्या करड्या सायीचं, बुरशीचं विष त्याला दिसत नाही, आणि ते विष यकृताला पोखरतं. समोर भास्करराव दुसरी वाटी भरून घेत होते.

तिने लेकीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा पडायला लागला होता.