परतीची तार

"अहो, उतरा खाली! शॉक बसेल!"

शिडीवर चढलेल्या माणसाला खालून असं ओरडू नये. दचकून पडलं तर शॉकाआधीच कारभार आटोपायचा. मी रागानं खाली पाहिलं. चष्मा, हातात रिकामी बादली, आणि चेहऱ्यावर इतकी खरी काळजी... की रागावताच येईना.

"मेन बंद करूनच चढलेय. वायरमनचं काम करते मी."

"तुम्ही?"

"का? बाईला करंट ओळखत नाय व्हय?"

तो कानापर्यंत लाल झाला. नाव अमेय, कॉलेजात फिजिक्स शिकवतो, चिकलठाण्याच्या त्या नव्या इमारतीत आईबरोबर राहतो... हे सगळं मला लगेच कळलं, कारण तो तिथून हललाच नाही.

दुष्काळाचं साल होतं. इमारतीतल्या नळांना हात लावला की झिणझिण्या यायच्या. मोटारीतून फुटलेल्या करंटला जमिनीत जायला वाट मिळत नव्हती. मी मोटारीची वायर बदलली, मग अर्थिंगचा खड्डा उकरला. आत ठणठणीत कोरडं.

"बादलीभर पाणी लागंल," मी म्हणाले, तशा जमलेल्या बायकांनी माना फिरवल्या. टँकरचं पाणी मातीत ओतायचं?

अमेय वर गेला आणि साबणाच्या फेसाचं पाणी घेऊन आला. "आंघोळीचं आहे. चालेल?"

"चालंल की. विजेला सोवळं नसतं, सर."

तो इतका मोकळा हसला, की मी ते पाणी मुद्दाम हळूहळू ओतलं.

वायरमनचा परवाना अजून माझा नव्हता. परवाना असलेल्या कचरूमामांच्या हाताखाली कामं करायची आणि परीक्षेचा अभ्यास करायचा, असं चाललं होतं. एकदा नापास झाले होते. माझ्या वडिलांनी, अप्पांनी बजावलं होतं, "औंदा पास झालीस तर तुझं तू बघ. नाय तर चितेगावच्या पोराला होकार." तो पोरगा वाईट नव्हता, पण त्याला बायकोनं शिडी चढलेली चालणार नव्हती. मला परवाना हवाच होता.

हे कळल्यावर अमेय मला जिन्यावर बसून शिकवू लागला. एकदा त्यानं विचारलं, "नापास नेमक्या कशात झालात?"

"बल्ब जोडण्यात," मी पुटपुटले. "एक टोक फेजला जोडलं, दुसरं न्यूट्रल सोडून अर्थला. सवय... गंगापूरकडं आमच्या शेतातल्या घरी तसंच आहे. एक तार खांबावरची, दुसरी जमिनीत ठोकलेल्या सळईला."

"आणि दिवा लागतो?"

"लागतो की! औंदा मिणमिणतोय, तेवढंच. मग आई सळईशी तांब्याभर पाणी ओतती. लगेच उजळतो."

तो ताडकन उठला. "तनुजा, हाच तर रोध, रेझिस्टन्स! जमीन सुकली, रोध वाढला. रोध वाढला, धारा म्हणजे करंट घटला, दिवा मंदावला. पाणी ओतलं की रोध कमी!"

पुस्तकातून जे डोक्यात शिरत नव्हतं ते आईच्या तांब्यानं शिरवलं. आणि 'तनुजा' म्हणाला तो... तेही शिरलं.

पण त्याचा चेहरा उतरला. "धारा जिथून निघते तिथं तिला परत जावं लागतं. न्यूट्रल ही तिची परतीची तार. ती नसली आणि जमीन कोरडी असली, की सळईतच करंट राहतो. आई... अनवाणी असतात तिथं?"

मी पिशवी उचलली आणि तडक एसटी स्टँड गाठलं. त्याच दिवशी सळई उपटली, मीटरपासून न्यूट्रलची तार ओढली. आई एवढंच म्हणाली, "बरं झालं, तांब्याभर पाणी वाचलं."

परीक्षा जवळ आली, तेव्हा अमेय म्हणाला, "एवढी घाबरू नकोस. मी अप्पांशी बोलतो. आपण लग्न केलं, तर... चितेगावचा प्रश्नच मिटेल."

किती वाट पाहिली होती मी या वाक्याची! आणि ते ऐकून मी पेटलेच.

"मला सोडवायला येऊ नका, सर. तुम्ही लई आवडता मला. पण हरले म्हणून तुमच्या दारात नाय यायचं मला."

"आणि जिंकलीस तर?"

"तवा बघू."

मी पुस्तक उचललं आणि जिना उतरले. निकालापर्यंत त्या इमारतीकडं फिरकले नाही. जीव तुटायचा, पण नाही गेले.

परीक्षेत हात पुन्हा अर्थच्या हिरव्या तारेकडंच गेला. सवय मेली सुटत नाही! मी हात मागं घेतला, काळी तार उचलली, न्यूट्रलला जोडली. बल्ब लख्ख पेटला. परीक्षकांनी विचारलं, "अर्थला का नाही जोडलं?" मी त्यांना आईची सळई सांगितली, अगदी अनवाणी पायांसकट.

पास झाले, त्या दिवशी गावी अप्पांना सांगून आले आणि अमेयच्या दाराची बेल वाजवली. दार त्याच्या आईनं उघडलं. तिच्यामागं तो... दाढी वाढलेली, डोळे माझ्यावर खिळलेले.

"काकू, पास झाले मी," एका दमात म्हणाले. "तुमच्या मुलाला मागणी घालायला आलेय. काम मी सोडणार नाय. अप्पा रुसलेत, पण एसटीत बसवायला आलते."

"आणि मी नाही म्हणालो तर?" अमेयनं हसत विचारलं.

"तर लई रडंन. आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाईन."

त्याचं हसू विरलं. डोळे भरून आले. "हो," तो म्हणाला. "आई, मी हो म्हणतोय."

मी काकूंच्या देखत त्याचा हात धरला, आणि त्या 'आत ये' म्हणेपर्यंत सोडला नाही.