एकच आवाज उरला

"मॅडम, सगळ्या म्हाताऱ्या गेल्या."

फोनवरचा आवाज वयस्क होता, आणि इतका शांत की उपनिरीक्षक सुकेशनी तायडे खुर्चीत ताठ बसली.

"कुठून बोलता काका? काय झालं? किती जणी गेल्या?"

"सगळ्याच. एकच राह्यली."

"अपघात झाला काय?"

"नाई. कंप्युटरातून गेल्या."

वाशीमच्या कार्यालयात शेजारच्या टेबलावरचा हवालदार खुदकन हसला. सुकेशनी हसली नाही. सायबरच्या तक्रारी घेऊन येणारी माणसं ओरडतात, शिव्या देतात, रडतात. हा माणूस घरात कुणी वारल्यावर बोलावं तसा बोलत होता. तिने पत्ता लिहून घेतला आणि जीप काढायला सांगितली.

पोहरादेवीच्या अलीकडे, रस्त्यापासून आत बंजाऱ्यांचा एक तांडा होता. निम्म्या घरांना कुलपं होती. माणसं ऊसतोडीला गेलेली, उरलेली हरभऱ्याच्या सोंगणीला. लालसिंग आडे दारातच उभे होते. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला माणूस. बायको रामीबाई वारलेली, मुलगी नागपूरला. घरात ते एकटेच.

आतल्या खोलीत टेबलावर कंप्युटर होता. आरसे जडवलेल्या भरतकामाच्या कापडाने तो झाकलेला होता. लालसिंगनी कापड हळूच काढलं.

"नोकरीत सगळ्या तांड्यांवर गाडी घेऊन गेलो, मॅडम. कोनती म्हातारी ढावलो चांगला म्हनते, मले ठावं होतं. ढावलो म्हंजे नवरी माहेर सोडताना रडत रडत म्हनते ना, ते गानं. नव्या पोरींले येत नाई. रिटायर झालो अन् माइक घेऊन एकेकीच्या दारी गेलो. साऱ्यांचा आवाज याच्यात होता. आता त्यातल्या बहुतेक वारल्या. पुन्हा कोनाच्या दारी जाऊ?"

सुकेशनीने फोल्डर उघडलं. आत एकच फाइल होती. तिचं नाव 'बोरखेडी'.

"हा कोणाचा आवाज?"

"माह्या घरवालीचा. बोरखेडी तिचं माहेर."

"तिचं नाव नाही टाकलं?"

"कोनाचंच नाव नाई. जिचं माहेर ज्या तांड्याचं, ते नाव फाइलले."

"दुसरीकडे प्रत ठेवली होती काय?"

"हाये ना. वेगळी डिस्क हाये, पेटीत कुलपात ठेवतो. पन गेल्या रविवारी ती लावेल होती. तिच्यातून भी गेलं. तिच्यात भी हे एकच राह्यलं."

"काहून लावली होती?"

"शेलूबाजारचा हरीओम मशीन पाह्यते माही. तो म्हने, महिन्यातून एकदा दोन्ही तपासत जा, व्हायरस नसला पाह्यजे. मी तपासनी लावली, मशीन चालूच ठेवली, अन् देवीच्या दर्शनाले गेलो. दाराले कुलूप, चाबी कमरेले."

सुकेशनीने कुलूप पाहिलं. ओरखडा नव्हता. खिडकीचे गज जागेवर. मग ती मशीनकडे वळली. व्हायरसची तपासणी पूर्ण झालेली, सापडलं काहीच नव्हतं. पडद्यावरची कचऱ्याची टोपली रिकामी केलेली. लग्नातले फोटो, विजेची बिलं, पुतण्याने आणून टाकलेले सिनेमे, सगळं जिथल्या तिथे. गेली होती ती फक्त गाणी.

"मशीन आधी त्रास देत होती?"

"हळू झालती. रविवारी त चहा पिऊन व्हावा तवा एक पान उघडे. सोमवारी पुन्हा ठीक. हरीओमनं धूळ काढली, बिनकामाचे प्रोग्राम काढले. पुढच्या रविवारी तेच."

"बाहेरून, दुसऱ्या गावाहून कोणी ही मशीन चालवू शकते काय?"

"हरीओम चालवते. अन् माही पोरगी उज्ज्वला. काही अडलं त ती नागपुरातूनच दुरुस्त करते. माऊस आपोआप फिरते, तवा मले वाटते घरात कोनी हाये."

हे बोलताना लालसिंग पहिल्यांदा थोडे हसले.

"मुलीला सांगितलं काय?"

"नाई, अन् तुमी भी सांगू नका. मागं न्हानीत पाय घसरला, रातभर तसाच पडून होतो. सकाळी पुतन्यानं उचललं. तवापासून ती मागं लागली, नागपूरले चला म्हनते. मी म्हनतो, ह्या म्हाताऱ्या टाकून कसा येऊ?"

सुकेशनीने इंटरनेटची वायर काढली आणि मशीन बंद केली. "आता हिला हात लावू नका. मिटवलेलं कधीकधी परत काढता येते. पण त्याच जागेवर नवीन काही लिहिलं गेलं, की ते कायमचं जाते. अन् एक फाइल राहिली हे कोणालाच सांगू नका. पुतण्यालाही नाही."

"धनराज तसा नाई, मॅडम."

"माहीत नाही काका. म्हणूनच म्हणते."

धनराज शेजारच्याच घरात राहायचा. तिशी ओलांडलेला, हातावर हरभऱ्याच्या पानांवरची आंबट आंब लागून काळे डाग पडलेले.

"काकाशी भांडण झालं होतं?"

"झालतं. माह्या पेन ड्राइव्हमधून व्हायरस आला म्हने. मी रागात म्हनलो, हा डबाच फोडून टाकतो."

"रविवारी दुपारी कुठे होता?"

"वावरात. सोंगनी चालू हाये."

"गाणी कोणती गेली, ठाऊक आहे?"

"सगळी गेली म्हनले काका." त्याने मान फिरवली. "बोरखेडी भी गेली असन. मले लहानाचं मोठं काकीनं केलं, मॅडम. वरसातून एकदा तिचा आवाज ऐकत होतो. आता कुठं ऐकू?"

बोरखेडी शिल्लक आहे हे न सांगताच सुकेशनी जीपकडे वळली.

शेलूबाजारला हमरस्त्यावर जीपगाड्यांची गर्दी होती. हरीओमचं दुकान त्या गर्दीच्या मागे. उघडलेल्या मशीनच्या ढिगाऱ्यातून त्याने मान वर काढली.

"त्या गाण्यांवर तुमचा डोळा होता म्हणतात," सुकेशनी म्हणाली.

"व्हय. माह्या चॅनेलवर टाकू द्या म्हनलो. काका नाई म्हनले. विषय संपला."

"की चोरून घेतली?"

"घेतली असती त मिटवली कायले असती? मिटवली म्हंजे बोंब होनार, हे शेंबडं पोर भी सांगन. अन् मॅडम, मले त्यातला एक शब्द समजत नाई. नुसते तांड्यांचे नावं. कोनती फाइल कोन्या म्हातारीची, देव जाने."

"बाहेरून आत जायचा रस्ता तुम्हीच बसवला ना?"

"उज्ज्वलाताई म्हनल्या, म्हनून. एकटा मानूस, काही अडलं त कोन धावन? पासवर्ड आमच्या दोघांजवळ हाये."

"मशीन हळू का चालत होती?"

हरीओमने डोकं खाजवलं. "तेच त समजलं नाई. एकदा उचलून दुकानात आनली. इथं इंटरनेट न लावता चालवली, त पळाली ना घोड्यासारखी! घरी नेली, अन् रविवारी पुन्हा काकांचा फोन."

परतीच्या वाटेवर सुकेशनीने जीप थांबवून नागपूरला फोन लावला. मुलीला सांगू नका, हे लालसिंगचं म्हणणं तिच्या लक्षात होतं. म्हणून स्वतःची ओळख देऊन तिने एवढंच सांगितलं, "तुमच्या वडिलांच्या कंप्युटरमध्ये बिघाड झाला आहे. त्याबद्दल थोडं विचारायचं होतं."

पलीकडून उज्ज्वलाने आधी वडिलांचं विचारलं.

"बा बरे आहेत ना?"

"बरे आहेत."

"मग त्याच्यासाठी पोलीस कशाला, मॅडम? जुनी मशीन आहे, होते असं. तुम्हीच समजवा त्यांना. याडीचं तेवढं एक राहिलं आहे, ते घेऊन इकडे या म्हणावं. त्या रिकाम्या तांड्यात आता आहे काय त्यांचं?"

बंजारा घरात आईला याडी म्हणतात, हे सुकेशनीला माहीत होतं.

"उद्या तांड्यावर येता येईल तुम्हाला?" तिने विचारलं.

त्या संध्याकाळी पोलीस क्वार्टरमध्ये तिने भात लावला आणि टीव्ही सुरू केला. काही पाहायचं नव्हतं. घरात बोलण्याचा आवाज असावा, म्हणून ती रोजच लावायची. आज तिने तो बंद केला. जेवताना चमच्याचा आवाज फार मोठा वाटला.

दुसऱ्या दिवशी खोलीत चौघं होते. लालसिंग खाटेवर, धनराज उंबऱ्याशी, सुकेशनी टेबलाजवळ. उज्ज्वला सगळ्यात शेवटी आली. वडिलांच्या पाया पडली आणि खांद्यावरची पिशवी तशीच धरून भिंतीला टेकून उभी राहिली.

"हिले कोनी बलावलं?" लालसिंग चमकले.

"मी, काका. रागावू नका. आधी ऐकून घ्या."

सुकेशनीने मशीनवर हात ठेवला.

"हे व्हायरसचं काम नाही. व्हायरस निवडून निवडून गाणी मिटवत नाही, अन् फोटो सोडत नाही. चोराचंही नाही. चोर घेऊन जातो, आवाज न करता. इथे कोणाला तरी ही गाणी काकांजवळ नको होती. एवढंच.

"आता, घर बंद होतं, कुलूप शाबूत होतं. म्हणजे हात लावणारा घरात आलाच नाही. तो बाहेरून, इंटरनेटवरून आला. त्या रस्त्याचा पासवर्ड दोघांजवळ होता. हरीओम, अन् उज्ज्वलाताई. धनराजजवळ नव्हता."

उंबऱ्याजवळून सुस्कारा ऐकू आला.

"दोघांतलं कोण? तर एक फाइल वाचली आहे. बोरखेडी."

"काकीचं हाये?" धनराज उठून उभा राहिला.

"आहे. दोन्ही ठिकाणी आहे. सगळ्या फाइली एका रांगेत होत्या, ही मधली. ती चुकून नाही राहिली, तिला बाजूला ठेवून बाकीच्या मिटवल्या. पण फाइलवर रामीबाईंचं नाव नाही. बोरखेडी कोणाचं माहेर, हे हरीओमला काय माहीत? ते घरच्या माणसालाच माहीत."

लालसिंगनी मान वर केली नाही.

"अन् मशीन रविवारीच का हळू व्हायची? दुकानात इंटरनेट नव्हतं, तर पळाली. घरी, रविवारी, इंटरनेट जोडलेलं असताना जड. धूळ असती तर रोज जड राहिली असती. सुट्टीच्या दिवशी कोणी तरी इथून गाणी थोडी थोडी बाहेर नेत होतं. सगळी नेऊन झाली, मग ज्या रविवारी दुसरी डिस्कही लागलेली दिसली, त्या दिवशी मिटवली."

ती उज्ज्वलाकडे वळली.

"तरीही मला खात्री नव्हती, ताई. काल मी फोनवर फक्त बिघाड म्हटलं. काय गेलं, काय राहिलं, एक शब्द बोलले नाही. काकांनी तुम्हाला काहीच सांगितलं नव्हतं. धनराजलाही आत्ता समजलं. मग याडीचं तेवढं एक राहिलं, हे तुम्हाला कसं समजलं?"

उज्ज्वलाने खांद्यावरची पिशवी उतरवली. ती खाली बसली. पिशवीतून रुमालात गुंडाळलेली एक छोटी डिस्क काढली आणि खाटेच्या कडेला ठेवली.

"एकही गेली नाही, बा. सगळ्या आहेत याच्यात. तुमी नागपूरले आले का देनार होती."

"काहून केलं?" लालसिंगनी विचारलं.

"तुमी रातभर न्हानीत पडून होते. मी तिकडं झोपून होती. मले काहीच समजलं नाई." तिचा आवाज फुटला. "तवापासून एक रात झोप नाई, बा. ह्या म्हाताऱ्या नसत्या त तुमी आले असते. मले वाटलं, याच्याशिवाय तुमाले इथं धरून ठेवनारं कोनीच नाई."

लालसिंगनी डिस्क उचलून हातात धरली. बाहेर शेळी ओरडत होती.

"तुह्या लग्नात तुले ढावलो आला नाई," लालसिंग म्हणाले. "तू नुसती रडली. मग तुही याडी मांडवामागं एकटी बसून तुह्या वाटचा म्हनत होती. मी ऐकला. तवाच ठरवलं होतं, हे राखून ठेवीन म्हनून. पुढं कधी तुले पाह्यजे असला त."

उज्ज्वलाने तोंडाला पदर लावला.

"तक्रार लिहून घेऊ काय, काका?" सुकेशनीने हळूच विचारलं.

"पोटच्या पोरीवर? नाई."

गाणी परत भरायला दुपार गेली. पडद्यावरची हिरवी पट्टी सावकाश पुढे सरकत होती आणि त्याखालून एकेका तांड्याचं नाव जात होतं. उज्ज्वलाने भाकरी केल्या. सगळे जेवले. बोलले फक्त मिठाचं आणि पाण्याचं.

काम संपल्यावर सुकेशनी म्हणाली, "एक प्रत घराबाहेर असावी, काका. आग लागते, पाणी शिरते. ही डिस्क ताईंजवळ राहू द्यायची काय?"

लालसिंगनी थोडा विचार केला. "राहू द्या तिच्याजवळ."

"अन् बाहेरून यायचा रस्ता?"

"तो काढा."

उज्ज्वलाने वर पाहिलं. सुकेशनीने तो प्रोग्राम काढून टाकला आणि खुर्ची सोडली. "आता नवीन पासवर्ड टाका. तुम्हालाच माहीत असला पाहिजे."

लालसिंग खुर्चीत बसले. चष्मा लावला. मग बोटं तशीच वर धरून थांबले.

"तोंड तिकडं करा, मॅडम."

सुकेशनीने पाठ फिरवली. धनराज कधीच बाहेर गेला होता. नागपूरच्या गाडीची वेळ होत आली होती, उज्ज्वलाच्या खांद्याला पिशवी होती. ती वडिलांच्या खुर्चीमागे उभी होती.

"तू भी, उज्ज्वला."

ती वळली. दोघी बाया भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मागे एकेक कळ दाबल्याचा आवाज येत होता. मध्येच तो थांबला, बराच वेळ थांबला, आणि मग पुन्हा सुरू झाला.