घ्राणिकेचा हिरवा दिवा

नाशिकच्या त्या रेस्तराँत बाटली उघडली की वेटर तिच्या गळ्यात एक चकती अडकवायचा. चकती आतला वास हुंगायची आणि दिवा लावायची. हिरवा लागला की प्यायची, लाल लागला की ओतून द्यायची. तिचं नाव घ्राणिका. पूर्वी बाटली मागवणाऱ्याच्या पेल्यात आधी घोटभर ओतत आणि त्यानं मान डोलावेपर्यंत बाकीचे थांबत. ती पद्धत बंद पडल्याचं कुणाला फारसं जाणवलंही नव्हतं.

मृदुला बोरस्तेला मात्र जाणवत होतं. तिनं स्वतः केलेली पहिली वाईन आज इथे टेबलाटेबलावर उघडली जात होती, लेबलावर तिचंच नाव होतं. समोर धाकटा दीर हेमंत बसला होता, धंद्यातला भागीदार. दिवा हिरवा लागल्यावर त्यानं सुटकेचा निःश्वास टाकला. मृदुलानं तरीही हट्टानं घोटभर ओतून घेतली आणि पेल्यात नाक घातलं. ओल्या गोणपाटाचा वास आला. बुचात बुरशी असली की येतो तो. चवीत द्राक्षाचा मागमूस नव्हता.

तिनं बाटली परत न्यायला सांगितलं. मॅनेजर तनपुरे अदबीनं म्हणाले की हिरवी बाटली परत घ्यायची सोयच नाही. घ्राणिकेला आधी जाणकारांनी शिकवलं होतं, आता ती गिऱ्हाइकांकडून शिकत होती. जी बाटली शेवटपर्यंत संपते, ती चांगली.

"आणि लोक कुठली संपवतात?" मृदुलानं विचारलं.

"हिरवी," तनपुरे म्हणाले.

हेमंतनं आवाज खाली आणला. "वहिनी, सगळ्या मालाला हीच बुचं आहेत. तुम्ही नाही म्हणालात तर वर्ष गेलं. दिवा हिरवा आहे, कोण विचारणार आहे?"

तिला त्याचा राग आला नाही. भीती तिलाही वाटत होती. पण आपल्या नावानं हा वास विकायचा आणि उद्या हाच चांगल्या वाईनचा वास ठरायचा, हे काही केल्या तिच्या गळी उतरेना. तिनं चकती काढली आणि बाटली बर्फाच्या भांड्यात उपडी केली.

"ही खराब आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मीच केलीय, म्हणून मीच सांगतेय."

शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी हीच वाईन अर्धा पेला संपवली होती. त्यांनी पुन्हा एक घोट घेतला, तोंडात घोळवला. कपाळावर आठी आली. मग सवयीनं त्यांची नजर आपल्या बाटलीच्या दिव्याकडे वळली.

मृदुलानं जाऊन त्या दिव्यावर तळहात ठेवला.

"त्याला नाही, तुम्हाला विचारतेय. कशी लागतेय?"