तीन नंबरची डिस्क

बसा. तीन वाजतायत. मशीनं भरून झाली, माऊस उताणे टाकून झाले. आता सहाला मुख्य ऑफिसातून हुकूम सुटेपर्यंत आपल्याला काम नाही. आणि तो मोबाइल ठेव खाली, चष्मेवाली. तो कुठे पळून जात नाही.

माऊस उताणे का टाकतात, हे तुमच्यापैकी एकाने तरी कुणाला विचारलं का? नाही. वरच्याने सांगितलं, खालच्याने केलं. मग ऐका. माझ्या ओळखीच्या माणसाच्या बाबतीत घडलेलं आहे. खोटं वाटलं तर सोडून द्या, पण मधे बोलू नका.

त्याला आम्ही तुफान म्हणायचो. हात जबरदस्त चालायचा, पण घाई विचारू नका. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! तर गेल्या वर्षीची गोष्ट. डिसेंबरची नऊ तारीख, मंगळवार. रात्री साडेआठला तो पाठीवर सॅक टाकून गावाबाहेरच्या एका तीन मजली हॉस्पिटलात शिरला. सॅकेत दोन डिस्क, नंबर एक आणि नंबर दोन. काम नेहमीचंच. चौसष्ट मशीनं, सकाळी सहाला नवा प्रोग्रॅम. तिथली इंटरनेटची लाइन म्हणजे सलाइनची नळी. चौसष्ट मशीनं एकदम ओढायला लागली की सगळंच तुंबणार. म्हणून माल आदल्या रात्रीच डिस्कवरून प्रत्येक मशीनच्या पोटात भरून ठेवायचा. हुकूम आला की मशीन आधी स्वतःच्या पोटात बघतं. तिथे सापडलं, तर लाइनकडे ढुंकूनही बघत नाही.

मास्तर याला शिदोरी भरणं म्हणायचे. मास्तर म्हणजे आम्हा सगळ्यांचे गुरू, तुफानलाही त्यांनीच हाताला धरून शिकवलेलं. माऊसची रीत त्यांचीच. रात्री वॉर्डात दिवे लावता येत नाहीत. अंधारात माऊसचा लाल उजेड वर दिसला की समजायचं, हे मशीन भरलं. आणि दुसरी रीत, आधी व्हर्जन जुळव, मग भर. कारण शिदोरी एका व्हर्जनने जरी जुनी निघाली, तरी मशीन ती फेकून देतं आणि सगळं नव्याने ओढतं. एन्टर दाबण्याआधी मास्तर दोनदा खाकरायचे. आम्ही चिडवायचो, "मास्तर, मशीनला सावध करताय का?" ते म्हणायचे, "मशीनला नाही रे, मला."

तीन वर्षांपूर्वी त्याच हॉस्पिटलच्या तळघरात, शेवटच्या मशीनपुढे, ते बसल्या जागी गेले. सकाळी सापडले. माऊस हातात होता. सुलटाच.

आता, तुफानने ही ड्युटी मागून का घेतली? कारण त्याची ताई तिथेच दुसऱ्या मजल्यावर होती. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेला. तिच्या पोटात रक्तस्राव होत होता. सकाळी साडेसहाला ऑपरेशन. रक्त जुळल्याचा रिपोर्ट मोठ्या लॅबमधून येणार तो याच लाइनने, आणि त्याच्याशिवाय रक्तपेढी पिशवी हातात देत नाही. डॉक्टर म्हणाले होते, "रिपोर्ट आला की लगेच आत घेऊ. उशीर मात्र परवडणार नाही."

एकच्या सुमारास त्याने वॉर्डात डोकावलं. ताई जागीच.

"जेवलास का?"

"माझं राहू दे. तू झोप."

"झोपते. आधी शर्टाची बटणं नीट लाव. वरखाली लागलीयत."

दोनला दहा कमी असताना चौसष्टावं मशीन झालं. गड्याने चहा घेतला आणि मग, मास्तरांची आठवण ठेवायची म्हणून, व्हर्जन बघितलं. त्याने भरलं होतं सहा. हुकूम सुटणार होता सातचा. दुपारी चारला बदल झाला होता आणि तसा मेसेजही आला होता. तेव्हा तो डॉक्टरांसमोर बसला होता.

चौसष्टच्या चौसष्ट फुकट! मशीनं बंद करावीत, तर वॉर्डातल्या पेशंटची औषधं त्यांच्यावरच चाललेली. हुकूम थांबवू शकेल असा मुख्य ऑफिसात एकच माणूस होता. त्याला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. अकरा वेळा लावला.

नवं व्हर्जन त्या नळीतून उतरवायलाच तीन वीस झाले. दोन डिस्क, एका खेपेला दहा मिनिटं. लागणार पाच तास वीस मिनिटं, हातात दोन तास चाळीस मिनिटं. हिशोब करून तो जिन्यात बसला आणि हुंदका बाहेर पडू नये म्हणून मनगट चावलं. ताईला आपणच मारलं, हेच त्याच्या डोक्यात घुमत होतं. मग उठला. आधी तिन्ही मजले आणि तळघर फिरून सगळे माऊस सुलटे केले. चौसष्ट लाल दिवे स्वतःच्या हाताने विझवले. आणि तळमजल्यापासून पुन्हा सुरुवात.

पाच वाजले. सोळा मशीनं झाली. तो पहिल्या मजल्यावर आला.

कॉरिडॉरच्या टोकाला लाल उजेड.

एक सुलटा करायचा राहिला असेल, असं म्हणून तो गेला. मशीन उघडलं. व्हर्जन सात. भरल्याची वेळ चार एक्केचाळीस.

चार एक्केचाळीसला तो खाली होता...

शेजारच्या खोलीत गेला. तिथेही लाल. व्हर्जन सात. पलीकडे, लाल. नर्सच्या टेबलावर, लाल. नर्सला विचारलं, "इथे कुणी आलं होतं?"

"तुमचेच ते वयस्कर साहेब ना? वर गेले आत्ता."

त्या मजल्यावरचं एकेक मशीन तपासून तो वर गेला. ताईच्या वॉर्डाबाहेरचं टेबल. खुर्ची मागे सरकलेली. कुणी नाही. माऊस अजून सुलटा... स्क्रीनवरची पट्टी मात्र भरत होती. नव्वद. पंच्याण्णव. शंभर.

त्याने डोळे मिटून घेतले. प्लास्टिक टेबलावर घासल्याचा आवाज झाला. डोळे उघडले.

लाल.

"मास्तर...?"

...

"मास्तर, ताई आत आहे."

...

पुढच्या खोलीतून खाकरणं ऐकू आलं. दोनदा.

तो आत गेला नाही. जिन्याकडे पळाला. पावणेसहा. तळघर राहिलं होतं. दार ढकललं. अंधार. गार.

ते एकच मशीन काळोखात होतं. माऊस सुलटा.

तो त्या खुर्चीत बसला. बसावंच लागलं. डिस्क लावली. बोट एन्टरवर नेलं.

मानेमागे... दोनदा.

बोट थांबलं. त्याने व्हर्जन बघितलं. सात. मग दाबलं.

दहा मिनिटं. त्याने मागे बघितलं नाही. एकदाही नाही. शंभर झालं. माऊस उताणा केला. छतावर लाल ठिपका उमटला... आणि मागे कुणीतरी लांब श्वास सोडला. काम संपल्यावर सोडतात तसा.

सहा वाजले. हुकूम सुटला. लाइन हलली नाही. सहा बाराला रिपोर्ट आला. ताई जगली. अजूनही त्याला बटणांवरून टोकते.

नंतर नोंदी मी स्वतः पाहिल्या. कोणत्या डिस्कवरून भरलं, ते मशीन लिहून ठेवतं. सतरा मशीनं, डिस्क एक आणि दोन. सत्तेचाळीस मशीनं, डिस्क तीन.

तीन नंबरची डिस्क मास्तरांची. ते गेले तेव्हापासून ती मुख्य ऑफिसात, माझ्या ड्रॉवरमध्ये कुलुपात होती. तिथून तीनशे किलोमीटरवर.

हो, माझ्याच ड्रॉवरमध्ये. फोन न उचलणारा तो माणूस मीच. फोन उशाशी होता. आवाज बंद करून मी गाढ झोपलो होतो. आजही त्याची लाज वाटते. सकाळी अकरा मिस्ड कॉल बघितले, धावत ऑफिस गाठलं आणि का कुणास ठाऊक, आधी तो ड्रॉवर उघडला. डिस्क गरम होती. नुकतीच काढून ठेवल्यासारखी.

तेव्हापासून ती मी खिशात बाळगतो. ही बघा. एरवी थंडगार असते, वर्षभरात कधी कोमट झालेलीही पाहिली नाही. धर, चष्मेवाली. घे हातात. खात नाही ती.

काय गं?

हात का मागे घेतलास?

...

इकडे आण बघू.

...

अरे... तुम्ही व्हर्जन जुळवलं होतं ना?