धरलं का?

बाळांनो, उजवा हात पुढे करा. मुठीत एक दांडा आहे असं समजा. पुढच्या खुर्चीत शिकवणारा माणूस बसलाय, त्याची पाठ तेवढी दिसते. खालची जमीन लहान लहान होत चाललीय.

तसेच राहा. मी सांगेन तेव्हाच मूठ उघडा.

ही गोष्ट मी रचलेली नाही. मी तिथे होतो. त्र्याहत्तर सालचा वैशाख, चकलांब्याच्या पुढचा एक छोटा तलाव. आणि रात्र नव्हती... भर दुपार होती.

त्याच्या सहा-सात वर्षं आधी आमच्या खरेदी-विक्री संघानं कपाशीच्या फवारणीसाठी विमान भाड्यानं आणलं होतं. पिवळं, लाकडाचं, कापडाचं, जुनाट. आधी त्यावर लष्करातली पोरं उडायला शिकली, मग कुठल्याशा क्लबातली. शेवटी थकून ते आमच्या माळावर उतरलं. सोबत आले मोहनराव. त्यांचा सारा जन्म शिकवण्यात गेलेला. सगळे त्यांना उस्ताद म्हणत.

संघाचा पंप दुरुस्त करणारा ख्वाजा त्यांच्या मागेच लागला. "उस्ताद, मलाबी शिकवा की."

संघाचे चेअरमन बबनराव हसायचे. "आधी सायकल तर नीट चालव बे!"

पण उस्तादांनी शिकवलं. पुढे उस्ताद, मागे ख्वाजा. दोघांपुढे विमान वळवायचा एकेक दांडा, दोन्ही आतून जोडलेले. बोलायला मधून रबरी नळी. आणि एक नियम.

सोडणाऱ्यानं विचारायचं, "धरलं का?"

दुसरा "धरलं" म्हणेपर्यंत सोडायचं नाही. हात कितीही दुखला तरी.

एका दुपारी दोघं वर गेले. टेकडीमागे आवाज गेला...

आणि थांबला.

आम्ही डोंगर पालथे घातले. तलाव तेव्हा काठोकाठ भरलेला, तिकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. मग लोकच बोलू लागले, विमान विकून दोघं पळाले म्हणून.

ख्वाजाची लेक सायरा पुढे माझ्या शाळेत आली. पोरं तिला 'पळपुट्याची' म्हणायची. ती आईला विचारायची, "अम्मी, अब्बा कशापायी गेले?" बीबीजान भाकरी थापत राहायची. बांगड्या मात्र तिनं उतरवल्या नव्हत्या.

दुष्काळात तलाव आटला. सगळी पोरं आईबापांसोबत गाळ काढायच्या कामावर. म्हणून माझी शाळाही तिथंच, बाभळीखाली. शिकवायलाही अंगात त्राण नसायचं.

त्या दुपारी गाळ खणणाऱ्या सटवाची कुदळ टण्ण वाजली.

गाळातून लोखंडी सांगाडा निघाला. कापड नाही. लाकूड नाही. हाडं... तीही नाहीत.

दोन्ही खुर्च्यांचे पट्टे मात्र लावलेले होते.

"गुरुजी, यात कुनीच न्हाई," सटवा म्हणाला. "मंग पट्टे कुनी लावले?"

दांडे गंजून घट्ट झाले होते. आम्ही दोघांनी जोर लावला, हलले नाहीत. सटवा माणसं बोलवायला गेला.

मी वळलो तर सायरा मागच्या खुर्चीत बसलेली. तिनं नळी कानाला लावली होती.

"गुरुजी... कुनीतरी बोलतंय."

मी नळी घेतली. आधी नुसता वारा...

मग आवाज. उस्तादांचाच. लई थकलेला.

"ख्वाजा... धरलं का?"

मी नळी कानाला घट्ट दाबली. पुन्हा तेच. रागानं नाही, घाईनं नाही. वर्गात दहाव्यांदा विचारावं तसं.

"ख्वाजा... धरलं का?"

सायराचे डोळे भरून आले. "म्हंजे अब्बा पळाले न्हाईत. हितंच व्हते."

मी थांबवायच्या आत तिनं दोन्ही हातांनी दांडा पकडला आणि नळीत म्हणाली, "धरलं, उस्ताद."

खट्.

पुढच्या खुर्चीचा पट्टा सुटला. मग... तिच्या खुर्चीचाही.

नळीतून एक मोठा श्वास आला. ओझं उतरवल्यावर माणूस सोडतो तसा. त्यानंतर काही नाही.

पण गंजलेला दांडा आता हलत होता. हळूहळू. वाऱ्यावर असल्यासारखा.

"गुरुजी... हात सुटंना."

मी तिची बोटं ओढली. एकही उघडेना. तिचे खांदे थरथरत होते, कपाळावर घाम. मग मला नियम आठवला. मी पुढच्या खुर्चीत चढलो. समोरचा दांडा धरला.

"विचार, बाळ."

"धरलं का, गुरुजी?"

"धरलं."

आता मुठी उघडा, बाळांनो. नीट उघडा, बोटं मोकळी करा. हे ओझं तुम्हांला द्यायचं नाही. म्हातारा झालोय, उजवा हात रात्रंदिवस ठणकतो, डॉक्टरांना काही सापडत नाही. पण तुम्हांला मी कधीच विचारणार नाही.

सायराची बोटं सुटली. ती खाली उतरली आणि आईला सांगायला गावाकडे पळत सुटली. बांधावर पोचल्यावर थांबली, वळली.

मी खालीच होतो, तळ्याच्या भेगाळ तळाशी, त्या सांगाड्यात. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही.

तिनं मान वर केली... रिकाम्या आभाळाकडे पाहिलं, आणि एखादं विमान दूर जाताना हलवावा तसा, कितीतरी वेळ हात हलवत राहिली.